स्वयंपाकघराच्या दारापासून एकेचाळीस पावलं

लव्हीना प्रुइटच्या कानांबद्दल मी जे सांगतो, ते लोक निम्मंच खरं धरतात. त्यात त्यांचाच तोटा आहे, कारण मुळात मी निम्मंच सांगतो.

तीस वर्षं तिने आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवली. आरशात न बघता, नुसत्या आवाजावरून ती सांगायची की शेवटच्या सीटखाली कोणत्या पोराने च्युइंगम चिकटवला आणि तो पुदिन्याचा होता की दालचिनीचा. बसची नोकरी सुटल्यावर तिने एक जुना डिटेक्टर घेतला. जमिनीवरून तबकडी फिरवायची, खाली धातू असला की कानातल्या हेडफोनमध्ये सूर वाजतो, ते यंत्र. ओढ्यापलीकडच्या एकाची लग्नाची अंगठी हरवली होती. सगळं अंगण धुंडाळून झालं, लव्हीना यंत्र बंद करणार, तेवढ्यात तबकडीसमोरून त्यांची डुकरीण गेली. लव्हीनाने मान वर केली आणि म्हणाली, "ही अंगठी चालतेय." दोन दिवस वाट बघावी लागली, पण अंगठी मिळाली. बायको ती अजून घालते. धुतली असेलच.

पण मला सांगायचंय ते अंगठीचं नाही. ओर्फा आत्याच्या धाकट्या बहिणीचं आहे. ती अकरा दिवस जगली.

ओर्फा आत्या म्हणजे गार्लन स्टँडलीची सख्खी आत्या, त्याच्या वडिलांची मोठी बहीण. तशी सबंध खोऱ्याचीच आत्या. तेव्हा श्याऐंशी वर्षांची होती. नवऱ्यामागे पन्नास वर्षं कॅन्ससच्या सपाट मुलखात काढून, नवरा गेल्यावर डोंगरात परत आली आणि गार्लनच्या माडीवर राहायला लागली. काठी घेऊन चालायची. पण ती काठी चालण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त वापरायची.

गार्लनच्या झऱ्याने दोन उन्हाळे दगा दिला होता. गाई इतक्या हंबरायच्या की माझ्या घरची भिंतीवरची चित्रं वाकडी व्हायची, आणि माझं घर दीड मैलावर आहे. म्हणून त्याने खालच्या कुरणात तळं खणायचं ठरवलं. नारिंगी फीत बांधलेल्या लाकडी खुंट्या ठोकून तळ्याची आखणीही केली. बुलडोझरवाला मंगळवारी येणार होता. तो चुकला तर पुढची तारीख थेट शरदात. त्याच्या नऊ दिवस आधी, रविवारच्या जेवणात घेवड्याच्या उसळीवर मक्याची भाकरी कुस्करत गार्लन हे सगळं खुशीत सांगत होता. मी नेहमीप्रमाणे आगंतुक पाहुणा होतो.

आत्याने हातातला घास खाली ठेवला. "खालच्या कुरणात कुठे?"

"जुन्या घराच्या पुढच्या उतारावर, आत्या. जमीन तिथे खोलगट आहे, पाणी आपोआप साठेल."

"तिथे ती आहे," आत्या म्हणाली.

"कोण?"

मग एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा तिने ते सांगितलं. एकोणीसशे तीसचा जून. तिच्या आईला दुसरी मुलगी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. चर्चच्या दफनभूमीकडे जायचा रस्ता पुराने तुटला होता, म्हणून वडिलांनी घराजवळच पुरली. डोक्याशी एक आणि पायाशी एक असे दोन दगड लावले. दोन वर्षांनी घर जळालं, आणि वर सडकेला लागून नवीन घर बांधलं. गार्लनचे वडील त्या नव्या घरात जन्मले. मोठे झाल्यावर त्यांनी खालच्या माळाचं कुरण केलं आणि गवत कापताना पात्याला लागतात म्हणून सगळे दगड वेचून कुंपणाला रचले. त्या दोन दगडांबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे हे असंच चालतं. जे दुखतं त्यावर कुणी बोलत नाही, आणि मग ज्याला दुखत नाही तो येऊन ते साफ करून जातो.

"आत्या, मग इतकी वर्षं का नाही बोललीस?" गार्लनने विचारलं.

"आईने कधी विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. मग आई गेली. मग विचारायचं कुणाला?"

गार्लन चांगला माणूस आहे. थोडा मंद आहे, पण चांगला. तो म्हणाला, "तू जागा दाखव, मी खुंट्या हलवतो. पण जागा तरी दाखव. सबंध कुरण सोडून दिलं तर गाई काय पितील? आणि न बघता खणलं, तर..."

सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर बुलडोझरचं पातं आलं.

जागा मात्र आत्याला दाखवता येईना. कुरण म्हणजे आता नुसतं कमरेएवढं गवत. चुलवणाचे दगडसुद्धा गोठ्याच्या पायात गेलेले. तिला नक्की आठवत होतं ते एवढंच. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि शाळेत नुकतंच शंभरपर्यंत मोजायला शिकली होती, म्हणून दिसेल ते मोजायची. त्या जूनमध्ये रोज दूध काढून झाल्यावर, जेवणाच्या आधी, आई स्वयंपाकघराच्या दारातून निघायची. "तू इथेच पायरीवर बस," म्हणायची. आणि ओर्फा पायरीवर बसून आईची पावलं मोजायची. एकेचाळीस. मग आई थांबायची, खाली बसायची आणि गवतात दिसेनाशी व्हायची.

त्यातून येणारा रविवार डेकोरेशनचा. मेच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतो आणि तिथेच गवतावर चादरी पसरून जेवतो. त्या दिवशी ज्याच्या डोक्याशी फूल नाही, तो माणूस जगाला नको झालेला, असं आम्ही धरतो. आत्या दरवर्षी आईच्या दगडाशी दोन गुच्छ ठेवायची. आम्हाला वाटायचं, आईचा लाड जास्त.

"मला तिचा गुच्छ तिला द्यायचाय," आत्या म्हणाली. "आणि तिच्यावर गाई पाणी प्यायला उभ्या राहायला नकोत. बस."

मी शर्टाची बाही वर केली. "आत्या, माझ्याकडेही डिटेक्टर आहे."

"माहीत आहे, थर्ल," आत्या म्हणाली. "म्हणूनच मी तुझ्याकडे बघत नव्हते."

माझं यंत्र नवं होतं, टपालाने मागवलेलं. त्याला इतकी बटणं की विमान उडवता यावं. पौर्णिमेचा चंद्र उगवला की ते आपोआप वाजायचं. त्यात काय धातू आहे ते शास्त्रज्ञांनी शोधावं. गुरुवारी सकाळी मी कुरणात उतरलो. गवतातल्या गोचिडी आमच्याकडे एवढ्या मोठ्या की त्यांना डाग देऊन सोडावं लागतं, नाहीतर शेजारी आपल्या कळपात हाकलतात. त्यांतून वाट काढत दुपारपर्यंत मी घर शोधलंसुद्धा. पंधरा बाय वीस फुटांचा चौकोन. पत्र्याचे तुकडे, खिळे, एक चेपलेलं भांडं. खिळ्यांनी बादली भरली. मग एका कोपऱ्यावर उभं राहून, होकायंत्राने पूर्व धरून एकेचाळीस पावलं टाकली, आणि बरोब्बर तळ्याच्या मधोमध पोचलो.

गार्लनचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. "इथे?"

"इथेच," मी म्हणालो. छाती जरा पुढेच होती.

आत्या वरच्या कुंपणाशी खुर्ची टाकून बसली होती. तिने काठी उचलली, मला वाटलं शाबासकी. ती म्हणाली, "लव्हीनाला बोलवा."

शुक्रवारी लव्हीना तिच्या गंजक्या पिकअपमधून आली. बुटकी बाई, गुडघ्यांना फरशीवाल्यांचे पट्टे, कमरेला सुताराचा एप्रन आणि गवती हॅटवरून हेडफोन. तिच्या यंत्राच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तबकडीखाली फुटक्या बादलीचं झाकण बसवलेलं होतं. मी म्हणालो, "लव्हीना, हे पुरातन वस्तू शोधायला आणलंस की दाखवायला?"

"दोन्ही, थर्लकाका. तुम्हालाही तसंच आणलंय ना?"

गार्लन हसला. मी हसलो नाही.

ती चौकोनाकडे गेलीच नाही. आधी माझ्या बादलीपाशी बसली. एक खिळा काढला, बोटांत फिरवला. दुसरा काढला. मग तिसरा. "आत्या," तिने हाक मारली, "तुमचं घर कुणी बांधलं होतं?"

"आजोबांनी. माझ्या आईच्या जन्माच्याही आधी."

"मग हे नाही," लव्हीना म्हणाली. "हे सगळे गोल खिळे आहेत, तारेचे. तुमच्या आजोबांच्या काळात खिळे चौकोनी असायचे, पट्टीतून कापलेले. आणि काका, या चौकोनात बटण सापडलं?"

"नाही."

"चमचा? सुरी? बकल?"

"नाही."

"माणसं राहतात तिथे वस्तू हरवतात. इथे इतक्या वर्षांत कुणाचं काहीच हरवलं नाही, म्हणजे इथे राहणाऱ्यांना खिसेच नव्हते." तिने ते चेपलेलं भांडं उलटं केलं. "हे दाणे टाकायचं भांडं आहे. तुम्ही कोंबड्यांचं खुराडं शोधलंत, थर्लकाका."

कुंपणाशी आत्या इतकी हसली की खुर्ची मागे कलली. "हो की. बाबांनी मागाहून बांधलं होतं. मी विसरलेच होते. आणि हा तिथून पावलं मोजत गेला."

आता मी एवढंच म्हणेन, की ते खुराडं फार चांगल्या अवस्थेत सापडलं.

लव्हीनाने माझं यंत्र उचललं आणि एक बटण दाखवलं. "हे लोखंडाचं. तुम्ही बंद ठेवलंय."

"अर्थात बंद. लोखंड कोण ऐकत बसतं?"

यात माझी चूक नाही. आमच्या छंदातला प्रत्येक माणूस पहिल्या दिवसापासून ते बटण बंद ठेवतो. चांदी लागली की यंत्र चिमणीसारखं बोलतं, लोखंड लागलं की बेडकासारखं. जुन्या घरावर उभं राहिलं तर सगळा बेडकांचाच बाजार. म्हणून आम्ही बेडूक गप्प करतो आणि चिमणीची वाट बघतो.

"ज्याला चांदी हवी त्याने ऐकू नये," लव्हीना म्हणाली. "मला घर हवंय. घर लोखंडानेच उभं असतं."

आणि तिने स्वतःच्या यंत्राची सगळी बटणं उघडली, हेडफोन नीट बसवले आणि उतारावर वरच्या अंगाने चालायला लागली. मी तिला पहिल्यांदाच काम करताना नीट बघत होतो. तबकडी जमिनीपासून दोन बोटांवर, ना वर ना खाली. अर्धं पाऊल, मग झोका, मग परत अर्धं पाऊल. मी कुरण चाललो होतो. ती ते विंचरत होती. मधमाशी तिच्या मनगटावर बसली, उठली, परत बसली. झोका हलला नाही. तासाभराने ती थांबली, गुडघ्यावर बसली, खुरप्याने तळहाताएवढा गवताचा ढपला उचलला आणि मातीतून बोटभर काहीतरी काढलं. पुसलं. आम्हाला दाखवलं. चौकोनी खिळा. माती परत भरून, गवत जागच्या जागी बसवून तिने वरून थोपटलं. नंतर मी ती जागा शोधली, मला दिसली नाही.

"आता सगळे खिळे काढायचे?" गार्लनने विचारलं.

"एकही नाही. ते जिथे आहेत तिथेच हवेत. खुणा करायला काही आहे का?"

गार्लन घरी गेला आणि रविवारच्या जेवणासाठी आणलेले प्लास्टिकचे पांढरे काटे घेऊन आला, चारशेचं खोकं. यंत्रात बेडूक ओरडला की लव्हीना बोट दाखवायची आणि गार्लन तिथे काटा रोवायचा. दांडा खाली, दाते वर. मला खोकं धरायचं काम मिळालं. शुक्रवार संपेपर्यंत दोनशे काटे झाले आणि नुसता गोंधळ दिसत होता. शनिवारी सकाळी आणखी शंभर. मग लव्हीना म्हणाली, "चला, वर जाऊन बघू."

आम्ही कुंपणापर्यंत चढलो आणि मागे वळलो.

मी आयुष्यात बरंच काही बघितलंय आणि जे बघितलं नाही तेही सांगितलंय. पण हे मी बघितलं. हिरव्या कुरणात पांढरं घर उभं होतं. चार भिंती, मधली आडवी भिंत, पुढे ओटा. जिथे काटे दाट तिथे छप्पर कोसळलेलं, जिथे विरळ तिथे खोलीची जमीन. सत्याहत्तर वर्षांपूर्वी जळून गेलेलं घर, खिळा खिळा आपापल्या जागी, आणि ते तिथे आहे हे लव्हीनाच्या कानांनी वाचलं होतं.

आत्या काठी उचलून म्हणाली, "त्या कोपऱ्यात माझी खाट होती."

"स्वयंपाकघर कुठलं, आत्या?"

आत्या गोंधळली. ओट्यावरून घर कुठल्या तोंडाने होतं तेच तिला आठवेना. इकडचं वाटे, तिकडचंही वाटे. गार्लनने माझ्याकडे बघितलं, मी खोक्याकडे बघितलं.

"राहू दे," लव्हीना म्हणाली. "तुमच्या आईलाच विचारू." आणि तिने पुन्हा हेडफोन चढवले. या वेळी ती घराच्या बाहेरून, भिंतींच्या कडेकडेने फिरली. उत्तरेला काही नाही. पश्चिमेला काही नाही. पूर्वेच्या भिंतीच्या मध्यावर तिला एक बिडाचं जड झाकण लागलं, चुलीवरचं. तिथून बाहेर, सहासात फुटांवर, तिचे झोके छोटे छोटे व्हायला लागले. इथे चिमण्या बोलत होत्या. पितळी बटण. शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. बरणीचं जस्ताचं झाकण. माउथऑर्गनची पितळी पट्टी. आणखी एक बटण. तिने एप्रनमधल्या पिवळ्या काड्या रोवल्या तशी त्यांची आकृती दिसायला लागली. भिंतीशी अरुंद, लांब जाईल तशी रुंद, पंख्यासारखी.

"हे काय?" मी विचारलं.

"काका, तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

"बायको."

"आणि पाणी?"

"दारातून फेकते." मी बोललो आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. बाई भांड्यांचं पाणी टोपातून फेकते, रोज त्याच दारातून, तशाच झोक्याने. त्याबरोबर तळाशी राहिलेलं काहीबाही जातं. पन्नास वर्षांच्या पाण्याने तो पंखा काढला होता, आणि त्याची मूठ होती स्वयंपाकघराच्या दारात.

पंख्याच्या टोकाशी लव्हीनाला आणखी एक चिमणी लागली. तिने काढला तो चमचा होता, लहान, दांड्यावर फुलाची वेल. तिने तो थुंकीने पुसून आत्याच्या हातात दिला. आत्याने तो डोळ्यांशी नेला.

"याच्यापायी मी मार खाल्ला," ती हळू म्हणाली. "सहाचा संच होता, आईच्या लग्नातला. एक हरवला. मीच हरवला म्हणून वेताची छडी. आणि तिनेच फेकला होता पाण्याबरोबर." तिने चमचा एप्रनच्या खिशात टाकला. "वर गेल्यावर विचारीन तिला."

दार सापडलं. आता पावलं. गार्लन लगेच दाराच्या जागी उभा राहिला, पूर्वेकडे तोंड केलं आणि एकेचाळीस ढांगा टाकून खुंट्यांच्याही पलीकडे गेला. मी टाकल्या तर मी आणखी भलतीकडे. लव्हीना गवतावर बसून पाणी पीत होती. तिने बाटली बंद केली.

"आत्या, आई निघायची तेव्हा ऊन कुठे असायचं?"

आत्याने डोळे मिटले. "पाठीवर. तिची सावली तिच्या पुढे चालायची. मला वाटायचं, ती सावलीच्या मागे मागे जाते."

"आणि हातात काय असायचं?"

"पाण्याची बादली. गुलाबाचं एक रोप लावलं होतं तिथे. तग धरलं नाही."

"भरलेली?"

"काठोकाठ. कधी सांडायची नाही ती."

"उंचीला कशी होती?"

"बाबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला डोकं लागायचं." आत्याने डोळे उघडून लव्हीनाला वरून खाली बघितलं. "तुझ्याएवढीच."

"मग दूध काढायच्या वेळेपर्यंत थांबू," लव्हीना म्हणाली. "मे संपत आलाय. जूनच्या उन्हात आणि या उन्हात तसा फरक नाही."

आम्ही थांबलो. गार्लन दूध काढायला गेला आणि आला. येताना पाण्याने भरलेली बादली आणली, निम्मं पाणी त्याच्या बुटात गेलं होतं, म्हणून परत पाठवला. उन्हं कलली. लव्हीना दारात उभी राहिली, आणि तिची सावली गवतावर लांब पडली. थेट पूर्वेला नाही. दक्षिणेकडे जरा झुकलेली. मी होकायंत्र खिशात टाकलं. आत्याची खुर्ची आम्ही पायरीच्या जागी मांडली. ती बसली, काठी आडवी मांडीवर घेतली.

"चल गं," आत्या म्हणाली.

लव्हीनाने काठोकाठ भरलेली बादली उचलली आणि सावलीच्या मागे निघाली. आत्या मोठ्याने मोजत होती. एक. दोन. तीन. भरलेली बादली घेतलेली बाई लांब ढांगा टाकत नाही. पाणी हलू नये म्हणून घसटत, बारीक पावलांनी जाते. गार्लनच्या ढांगेच्या निम्मंच पाऊल ते. मी आत्याकडे बघितलं. श्याऐंशी वर्षांची बाई सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात मोजत होती, आणि सदतिसाव्या आकड्याशी तिचा आवाज अडखळला, पण तिने आकडा सोडला नाही.

"एकेचाळीस."

लव्हीना थांबली. बादली खाली ठेवली. एक थेंब सांडला नव्हता.

नारिंगी फितीची सगळ्यात जवळची खुंटी तिच्या मागे होती, चार पावलांवर. म्हणजे ती तळ्याच्या आत उभी होती.

मी यंत्र नेऊन दिलं. बराच वेळ काही नाही. ती बादलीभोवती फेऱ्या घेत होती, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा एक वीत बाहेर. गार्लनने टोपी काढली, घातली, काढली. मग बेडूक ओरडला, इतका मोठ्याने की हेडफोनबाहेर मला ऐकू आला. लव्हीनाने बोट दाखवलं, गार्लनने काटा रोवला. ती सरकली, बेडूक परत ओरडला. काटा. परत. काटा. तुटक तुटक नाही, सलग, आणि वळत जाणारा. काटे वळत वळत पहिल्या काट्यापाशी आले. गवतात एक वर्तुळ झालं, चार फूट रुंद. आतमध्ये यंत्र गप्प.

मी ओळखलं आणि मला वाईट वाटलं. "लव्हीना, ही गाडीच्या चाकाची धाव आहे, जुन्या घोडागाडीची लोखंडी. प्रत्येक शेतात एखादी पडलेली असते. भंगार आहे ते."

"धाव आहे खरी," लव्हीना म्हणाली. एका जागी तिने काट्याशेजारी गवत उचललं आणि बोटांनी माती बाजूला केली. वीतभर खाली गंजलेली, तीन बोटं रुंद पट्टी दिसली. तिने त्यावर तळहात ठेवला. "पण काका, ती सपाट ठेवलीय. फेकलेली धाव कुठेतरी कलते. ही चारी बाजूंनी सारख्या खोलीवर आहे."

तिने आत्याला हात दिला. आत्या काठी टेकत, अर्धी पावलं टाकत आली. वर्तुळाच्या बाहेर उभी राहिली. उघडी पट्टी बघितली.

"त्या उन्हाळ्यात आमची गाडी तीन चाकांवर उभी होती," ती म्हणाली. "चौथं चाक उघडं, लाकडाचं, भिंतीला टेकवलेलं. सुगी आली तरी बाबा ते बसवेनात. लोकांकडून गाडी मागून आणायचे. शेजारचे हसायचे, म्हणायचे, हा माणूस आळशी झाला. मलाही शाळेत चिडवायचे. मीसुद्धा बाबांवर चिडले होते." तिने काठीने उघड्या पट्टीकडे दाखवलं. "डुकरं उकरायची ना सगळीकडे. नांगरही जायचा. त्यांनी चाकाची धाव काढून हिच्याभोवती घातली."

गार्लन दुसरीकडे तोंड करून उभा होता.

मी हळूच विचारलं, "खात्री करायला जरा आत खणून बघायचं का?"

लव्हीनाने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती, पण बस थांबवून पोराला खाली उतरवायची तेव्हा अशीच बघायची. "आत माझं काही हरवलेलं नाही," ती म्हणाली. तिने पट्टीवर माती परत ओढली, ढपला बसवला, थोपटला आणि यंत्र बंद केलं. मग बादली उचलली आणि सगळं पाणी सावकाश, चहूबाजूंनी वर्तुळाच्या आत ओतलं.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत आत्याने आईच्या दगडाशी एकच गुच्छ ठेवला. मग सबंध गोतावळा, तळलेल्या कोंबडीच्या परड्या, बटाट्याचं सॅलड आणि फळं भरलेल्या सात तऱ्हांच्या गोड पाई घेऊन, गाईंच्या शेणातून वाट काढत कुरणात उतरला आणि काट्यांच्या घरात जेवायला बसला. काटे जमिनीत असल्यामुळे सगळे हाताने जेवले. आत्याची खुर्ची तिची खाट होती त्या कोपऱ्यात. लव्हीनाला तिने दारात बसवलं, आणि जो येईल त्याला सांगत होती, "हिला विचारून आत या." पिवळ्या आयरिसचा गुच्छ वर्तुळाच्या मधोमध होता. बाळाचं नाव आयडा रूथ होतं, हेही आम्हाला त्याच दिवशी कळलं.

जेवण झाल्यावर गार्लन एकटाच खाली गेला. एकेक खुंटी उपटून काखेत घेतली आणि वर्तुळाला लांबून वळसा घालून परत ठोकली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "काका, तुम्ही राहू द्या. तुम्ही ठोकलीत तर तळं खुराड्यात जाईल."

मंगळवारी बुलडोझरवाला आला. त्याने खुंट्यांभोवती एक फेरी मारली, डोकं खाजवलं. तळं घेवड्याच्या दाण्यासारखं झालं होतं, मधेच पोट आत घेतलेलं.

"असली वाकडी आखणी कुणी केली?" त्याने विचारलं.

"आत्याने," गार्लन म्हणाला.

बुलडोझरवाल्याने वर कुंपणाकडे बघितलं. तिथे ओर्फा आत्या खुर्चीत बसली होती. "त्या म्हाताऱ्या बाईंनी?"

"नाही," गार्लन म्हणाला. "धाकटीने."